जुनी भिंगे व नवे कॅमेरे : बैठकीच्या अंतराचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

१९५४ साली जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ ह्या कारखान्याने ‘लायका एम-३’ हा कॅमेरा बाजारात आणला. तोपर्यंतच्या लायका कॅमेऱ्यात भिंग आट्यांवर फिरवून बसवावे लागे. नव्या कॅमेऱ्यात ते बायोनेट पद्धतीने, म्हणजे खाचेत घालून थोडेसे वळवताच, पक्के बसू लागले. जोडणी बदलली की जुनी भिंगे निरुपयोगी ठरतात, हा ह्या व्यवसायातील नेहमीचा अनुभव होय. येथे मात्र तसे झाले नाही. आट्यांच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर होते. नव्या कॅमेऱ्यात ते २७.८ मिलिमीटर ठेवण्यात आले. मध्ये एक मिलिमीटर जाडीचे कडे घातले की मागील वीस-बावीस वर्षांत बनलेली बहुतेक भिंगे नव्या कॅमेऱ्यावर पूर्ववत् काम देऊ लागली. किंबहुना हे कडे भिंगाच्या नाभ्यंतरानुसार निरनिराळे करण्यात आले होते, त्यामुळे दर्शकात योग्य ती चौकटही आपोआप उमटत असे.

हे कडे आकाराने क्षुल्लक असले तरी त्यामागील विचार क्षुल्लक नाही. आज १९३० ते १९८० ह्या अर्धशतकात बनलेली, हाताने चालवावयाची भिंगे इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांवर बसवून वापरण्याची प्रथा जगभर रूढ झाली आहे. ह्या पुनरागमनाची कारणे सामान्यतः दोन दिली जातात. जुन्या वस्तूंविषयीची ओढ हे एक, आणि जुन्या काचेचा काही विशेष गुण हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. ओढ १९९० सालीही होती व काच तीच होती. तरीही त्या वेळी ह्यांतील कित्येक भिंगे कपाटांत पडून राहिली. भिंगाचे पुढील आयुष्य त्याच्या काचेइतकेच, किंवा काचेहूनही अधिक, एका अंतराने ठरविले, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे. ते अंतर कोणी, केव्हा व कशासाठी ठरविले, ह्याचा इतिहास पाहिल्यावाचून जुन्या भिंगांचे आजचे स्थान नीट कळत नाही.

२. बैठक व तिचे गणित

भिंग अनंत अंतरावरील वस्तूवर लावले असता तिची प्रतिमा भिंगाच्या बैठकीच्या मागे एका निश्चित अंतरावर पडते. कॅमेऱ्याची बैठक व फिल्म ह्यांमधील अंतर नेमके तेवढेच असावे लागते. जवळची वस्तू स्पष्ट दिसण्यासाठी भिंग पुढे सरकवावे लागते, आणि तशी सोय भिंगाच्या नळीतील आट्यांत केलेली असते. बैठकीच्या मागे सरकण्याची सोय मात्र भिंगात नसते.

ह्यावरून जुळवणीचा मूलभूत नियम निघतो. भिंग ज्या कॅमेऱ्यासाठी बनले त्याचे अंतर नव्या कॅमेऱ्याच्या अंतराहून अधिक असेल, तर दोहोंतील फरकाइतक्या लांबीचे कडे मध्ये घालून काम भागते. ह्यालाच व्यवहारात अडॅप्टर म्हणतात, आणि त्यात काच असण्याचे कारण नसते. ह्याउलट भिंगाचे मूळ अंतर कमी असेल, तर कोणतेही साधे कडे उपयोगी पडत नाही. भिंग फिल्मपासून गरजेपेक्षा दूरच राहते आणि दूरची दृश्ये अस्पष्ट येतात. मध्ये आणखी एक भिंग घालून हा दोष काढता येतो, परंतु त्या वेळी मूळ भिंगाची प्रतिमा मूळ राहत नाही.

दोष किती लवकर जाणवतो, हे एका उदाहरणावरून कळेल. ५० मिलिमीटर नाभ्यंतराचे भिंग एक मिलिमीटर अधिक पुढे बसले, तर त्याची दूरची मर्यादा सुमारे अडीच मीटरांवर येऊन थांबते. त्यापलीकडचे काहीच स्पष्ट होत नाही. ही चूक केवळ ०.०५ मिलिमीटर असली तरी मर्यादा सुमारे ५० मीटरांवर येते. म्हणून बैठकीचे अंतर मिलिमीटरच्या शतांशात मोजावे लागते. आजचे पुष्कळसे कारागीर अडॅप्टर किंचित आखूड ठेवतात, ते ह्याच कारणामुळे. तसे केल्याने अनंत अंतर हमखास गाठता येते. मात्र भिंगावर कोरलेल्या अंतराच्या खुणा खोट्या ठरतात. ज्या भिंगांत जवळच्या वस्तूसाठी आतील घटक परस्परांच्या संदर्भात सरकतात, त्यांच्या बाबतीत ह्या तफावतीने प्रतिमेच्या गुणवत्तेवरही परिणाम होतो.

३. प्रमाणीकरणाचा आरंभ

एका कारागिराचे भिंग दुसऱ्याच्या यंत्रावर बसावे, ही कल्पना कॅमेऱ्याच्या क्षेत्रात जन्मली नाही. ती सूक्ष्मदर्शकाच्या क्षेत्रातून आली. लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ च्या सुमारास वस्तुभिंगांसाठी आट्यांचे एक सामायिक माप ठरविले. पुढे १८६६ मध्ये ही संस्था ‘रॉयल’ झाली व ते माप तिच्या नावाने ओळखले जाऊ लागले. इंग्लंडात ठरलेले हे इंची माप युरोप खंडातील कारखान्यांनीही स्वीकारले. लाइट्झ हा मूळचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना. लायकाच्या जोडणीचा व्यास ३९ मिलिमीटर असूनही तिचे आटे दर इंचास २६ असे मोजले जातात, ही वरवर विचित्र वाटणारी गोष्ट त्या परंपरेच्या संदर्भात पाहिली पाहिजे.

ऑस्कर बर्नाक ह्यांच्या कल्पनेतून साकारलेला लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत विक्रीस आला, तेव्हा त्याचे भिंग कायमचे जडविलेले होते. १९३० साली भिंग काढण्या-घालण्याची सोय झाली; पण प्रत्येक भिंग विशिष्ट कॅमेऱ्याशी जुळवून दिलेले असे. एका कॅमेऱ्याचे भिंग दुसऱ्यास चालेल अशी खात्री नव्हती. १९३१ साली बैठकीचे अंतर २८.८ मिलिमीटर असे कायम करण्यात आले व अशा कॅमेऱ्यांच्या बैठकीवर ‘०’ हा अंक कोरला जाऊ लागला. त्या शून्याचा अर्थ असा की, ह्या कॅमेऱ्यास कोणतेही प्रमाणित भिंग चालेल. भिंग हे कॅमेऱ्याचे अंग न राहता स्वतंत्र उपकरण झाले, ते ह्या क्षणी.

ह्या स्वातंत्र्याचा परिणाम कारखान्याच्या भिंतींत राहिला नाही. अंतर व आटे एकदा निश्चित झाल्यावर ते मोजून कोणालाही त्याबरहुकूम भिंग करता येते. १९५० साली ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन हे टोकियोत असताना जपानी छायाचित्रकार जुन मिकी ह्यांनी ‘निक्कोर’ भिंगाने त्यांचे एक छायाचित्र घेतले. त्याची रेखीवता पाहून डंकन ह्यांनी ती भिंगे तपासून घेतली. त्याच वर्षी कोरियातील युद्ध सुरू झाले, आणि तेथे त्यांनी ती आपल्या जर्मन कॅमेऱ्यांवर लावून वापरली. डिसेंबर १९५० मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने त्याची दखल घेतली व जपानी प्रकाशीय उद्योगाची कीर्ती पाश्चात्त्य जगात पसरली. परक्या भिंगाने ही कीर्ती मिळविली ती जर्मन जोडणीच्या आधारे, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

४. युद्ध, विभागणी व वारसा

आज जुळवून वापरल्या जाणाऱ्या जुन्या भिंगांपैकी मोठा हिस्सा सोव्हिएत व पूर्व जर्मन बनावटीचा आहे. त्यांची वंशावळ कळण्यासाठी १९४५ सालच्या येना शहराकडे वळावे लागते. येना येथील कार्ल झाइसचा कारखाना प्रथम अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आला. थुरिंगिया हा प्रांत करारानुसार सोव्हिएत अधिकाराखाली जावयाचा असल्याने अमेरिकनांनी जून १९४५ मध्ये कारखान्यातील निवडक तज्ज्ञांना आपल्याबरोबर पश्चिमेस नेले. त्यांनी ओबरकोखेन येथे नव्याने काम उभारले. मागे राहिलेल्या कारखान्यातील बहुतांश यंत्रसामग्री १९४६ च्या ऑक्टोबरपासून नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत संघात हलविण्यात आली. तिच्याबरोबर काही तज्ज्ञांनाही जावे लागले.

परिणामी एकाच रचनेला तीन देशांत तीन नावे मिळाली. झाइसच्या ‘सोनार’ भिंगाची रचना लुडविग बेर्टेले ह्यांची. मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याने तिच्यावरून प्रारंभी जर्मन काच वापरून भिंगे केली. पुढे सोव्हिएत काचेसाठी नव्याने आकडेमोड झाली आणि तीच रचना ‘ज्युपिटर’ ह्या नावाने प्रसिद्धीस आली. ‘बायोटार’ ह्या ५८ मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगावरून ‘हेलिओस-४४’ झाले, व ते ‘झेनिट’ कॅमेऱ्याबरोबर दशकानुदशके विकले गेले. कीव्ह येथील ‘आर्सेनाल’ कारखान्यात ‘कॉन्टॅक्स’च्या धर्तीवर ‘कीव्ह’ नावाचाच कॅमेरा बनू लागला. जपानमध्ये निक्कोर भिंगांपैकी कित्येकांची रचना सोनारच्याच वळणाची होती.

खुद्द जर्मनीत नावावरूनच तंटा उद्भवला. पूर्व व पश्चिम ह्या दोन्ही संस्था ‘झाइस’ हे नाव सांगत होत्या. काही पाश्चात्त्य बाजारांत पूर्वेकडील भिंगांवर ते नाव घालता येईना. म्हणून त्यांवर ‘येनाहून’ अशा अर्थाचे शब्द व ‘टेसार’ऐवजी ‘टी’, ‘बायोटार’ऐवजी ‘बी’ अशी आद्याक्षरे कोरली जात. १९७१ साली लंडन येथे झालेल्या करारानंतर हा व्यवहार बराचसा मार्गी लागला. आज अशी भिंगे हाती घेणाऱ्यास त्या कड्यावरील अक्षर म्हणजे कारखान्याची लहर वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ते शीतयुद्धातील एका दीर्घ कज्जाचे चिन्ह होय.

नक्कल करताना अंतराचा नियम मोडला की काय होते, ह्याचेही उदाहरण ह्याच कारखान्यांनी घालून दिले आहे. पहिल्या ‘झेनिट’ कॅमेऱ्यांची जोडणी लायकाप्रमाणेच ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची होती. पण आत आरसा असल्याने बैठकीचे अंतर ४५.२ मिलिमीटर ठेवावे लागले. त्यामुळे झेनिटचे भिंग लायकावर व लायकाचे भिंग झेनिटवर सहज फिरून बसते, आणि दोन्ही जोड्या फसतात. लायकाचे भिंग झेनिटवर १६.४ मिलिमीटर पुढे पडल्याने ५० मिलिमीटरचे भिंग सुमारे २० सेंटिमीटरपलीकडचे काही दाखवीत नाही. झेनिटचे भिंग लायकावर तितकेच मागे पडल्याने काहीच स्पष्ट करीत नाही. आटे जुळणे म्हणजे भिंग जुळणे नव्हे, हे ह्यावरून स्पष्ट होते.

५. आरशाचे राज्य

झेनिटच्या उदाहरणात आलेला आरसा हाच पुढील तीस-चाळीस वर्षांच्या इतिहासाचा सूत्रधार ठरला. लायकासारख्या अंतरमापक कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही. बाजूच्या दर्शकातून पाहतो. एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेऱ्यात तो प्रत्यक्ष भिंगातून येणारी प्रतिमा पाहतो. त्यासाठी भिंग व फिल्म ह्यांमध्ये तिरका आरसा बसवावा लागतो, व चित्र घेतेवेळी तो वर उचलला जावा लागतो. आरशाला हालचालीसाठी जागा हवी. म्हणून बैठक फिल्मपासून सुमारे ४० ते ४७ मिलिमीटर दूर न्यावी लागली.

ड्रेस्डेन येथील ‘किने एक्झाक्टा’ ह्या १९३६ च्या कॅमेऱ्यात हे अंतर ४४.७ मिलिमीटर होते. १९४९ साली ड्रेस्डेनमधीलच ‘कॉन्टॅक्स एस’ने ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची व ४५.४६ मिलिमीटर अंतराची जोडणी आणली. ‘एम-४२’ ह्या नावाने ती सर्वतोमुखी झाली. ‘प्राक्टिका’, १९५७ चा ‘असाही पेंटॅक्स’, पुढील काळातील ‘झेनिट’, आणि त्यांच्यामागून याशिका, रिको, चिनॉन अशा अनेकांनी ती स्वीकारली. ती कोणा एकाची खासगी मालमत्ता राहिली नाही. एम-४२ ची भिंगे आज विपुल व स्वस्त मिळतात, त्याचे हेच मूळ कारण आहे.

परंतु आट्यांच्या जोडणीत एक उणीव होती. आटे फिरवून बसविलेले भिंग दर वेळी नेमक्या एकाच कोनात येऊन थांबेल, अशी खात्री देता येत नसे. भिंगाच्या छिद्राचे माप कॅमेऱ्यातील प्रकाशमापकास कळविण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा ही उणीव फार जाणवू लागली. प्रत्येक कारखान्याने आपापल्या खुंट्या व कळा जोडल्या, आणि एकाच नावाच्या जोडणीत पोटभेद माजले. १९७५ साली पेंटॅक्सने ‘के’ ही बायोनेट जोडणी आणून एम-४२ चा निरोप घेतला.

बायोनेटच्या युगात अंतर ही खासगी बाब झाली. निकॉनने १९५९ साली ४६.५ मिलिमीटर अंतर स्वीकारले व ते दीर्घकाळ सांभाळले. कॅननच्या ‘एफडी’ भिंगांचे अंतर ४२ मिलिमीटर होते. १९८७ साली स्वयंचलित नाभीयनासाठी कॅननने ‘ईएफ’ ही ४४ मिलिमीटर अंतराची जोडणी आणली. वर सांगितलेला नियम येथे लावून पाहावा. एम-४२ चे भिंग कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यावर १.४६ मिलिमीटर जाडीच्या कड्याने बसते, निकॉनचे २.५ मिलिमीटरच्या कड्याने बसते. पण कॅननचेच आदल्या पिढीचे एफडी भिंग दोन मिलिमीटरांनी कमी पडते. ज्या कारखान्याने भिंग केले त्याच्याच नव्या घरात त्याला जागा उरली नाही, आणि प्रतिस्पर्ध्याच्या भिंगाला मात्र मिळाली.

निकॉनच्या बाबतीत विसंगती उलट दिशेची आहे. त्याचे अंतर सर्वांत लांब पडणाऱ्यांपैकी असल्याने त्याच्या कॅमेऱ्यावर एम-४२ सह जवळजवळ कोणतेच परके भिंग अनंत अंतरापर्यंत चालत नाही. त्याच लांब अंतरामुळे निकॉनची भिंगे मात्र इतरांच्या कॅमेऱ्यांवर चालतात. एकच मिती कॅमेऱ्याला बंदिस्त करते व भिंगाला मुक्त करते, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

आरसा नसेल तर काय शक्य होते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण चित्रपटाच्या क्षेत्रात सापडते. झाइसने १९६० च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेसाठी ५० मिलिमीटर नाभ्यंतराचे व ०.७ छिद्रमानाचे ‘प्लॅनार’ भिंग मोजक्या संख्येने बनविले होते. स्टॅन्ली कुब्रिक ह्यांनी त्यांतील तीन भिंगे मिळविली आणि ‘बॅरी लिंडन’ (१९७५) ह्या चित्रपटातील काही दृश्ये मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केली. ह्या भिंगाचा मागील घटक फिल्मच्या अगदी निकट यावा लागे. म्हणून आरसा नसलेला ‘मिचेल बीएनसी’ हा कॅमेरा निवडण्यात आला, आणि एड डिजुलिओ ह्यांनी त्याचा अंतर्भाग तासून जागा केली. कडे घालण्यास वाव नव्हता, म्हणून कॅमेराच कापावा लागला. त्यानंतर तो कॅमेरा इतर भिंगांच्या उपयोगाचा राहिला नाही.

६. आरसा गेल्यानंतर

२००८ साली पॅनासॉनिकने ‘ल्युमिक्स जी-१’ हा कॅमेरा आणला. त्यात आरसा नव्हता. संवेदकावर पडणारी प्रतिमा विद्युत्-दर्शकात दाखविली जाई. बैठकीचे अंतर १९.२५ मिलिमीटरपर्यंत खाली आले. २०१० मध्ये सोनीने १८ मिलिमीटर अंतराची जोडणी आणली, व २०१३ च्या ‘ए-७’ मालिकेत तिच्यामागे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीइतका मोठा संवेदक बसविला. २०१८ साली निकॉन व कॅनन ह्यांनीही अनुक्रमे १६ व २० मिलिमीटर अंतराच्या जोडण्या स्वीकारल्या.

ह्यांपैकी कोणाही कारखान्याचा हेतू जुन्या भिंगांना आश्रय देण्याचा होता, असे म्हणण्यास आधार नाही. कॅमेरा लहान व्हावा, यांत्रिक भाग कमी व्हावेत, नवी भिंगे रचण्यास मोकळीक मिळावी, हे त्यांचे उद्देश होते. परंतु आरसा गेल्याबरोबर सुमारे २५ ते ३० मिलिमीटर जागा रिकामी झाली, आणि त्या जागेत एका शतकातील बहुतेक सर्व लहान कॅमेऱ्यांची भिंगे बसू शकली. एम-४२ साठी सोनीच्या कॅमेऱ्यावर २७.४६ मिलिमीटरची पोकळ नळी पुरते. निराधार झालेले कॅननचे एफडी भिंग २४ मिलिमीटरच्या नळीने बसते. अंतरमापक कॅमेऱ्यांच्या भिंगांनाही, ज्यांना आरशाच्या कोणत्याच कॅमेऱ्यात प्रवेश नव्हता, येथे प्रथमच जागा मिळाली.

दुसरेही एक कारण तितकेच महत्त्वाचे आहे. ही भिंगे स्वयंपूर्ण होती. छिद्राचे कडे व भिंग मागेपुढे करणारे आटे ही दोन्ही साधने त्यांच्या नळीतच होती; कॅमेऱ्याकडून त्यांना केवळ योग्य अंतर हवे होते. १९८७ नंतरच्या कॅननच्या भिंगांचे छिद्र मात्र विद्युत्-आज्ञेवाचून हलत नाही. म्हणून जे भिंग नवे व अधिक यंत्रावलंबी, ते परक्या कॅमेऱ्यावर कठीण. जे जुने व साधे, ते सोपे, असा उलटा क्रम निर्माण झाला. नव्या दर्शकाने त्यात भर घातली. प्रतिमेचा भाग मोठा करून पाहता येणे, रेखीव कडा रंगाने ठळक दिसणे, लहान छिद्रातही दर्शक उजळ राहणे, ह्या सोयींमुळे हाताने नाभी साधणे स्वयंचलित रिफ्लेक्स कॅमेऱ्याच्या मानाने सुकर झाले.

७. साधन म्हणून व पुरावा म्हणून

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. १९४० च्या सुमाराचे भिंग आजच्या कॅमेऱ्यावर चालत असेल, तर त्या काळाची दृष्टी त्यातून पुन्हा पाहता येते काय? संग्रहांतील जुनी छायाचित्रे अभ्यासताना भिंगाचा वाटा कोणता व फिल्मचा कोणता, हे वेगळे करण्यासाठी असा प्रयोग मोहक वाटतो. परंतु जुळवणी म्हणजे पुरावा नव्हे. ह्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण संवेदकाचे. फिल्मवर प्रकाशकिरण तिरपे पडले तरी ती ते बऱ्याच अंशी सारखेच ग्रहण करते. संवेदकापुढे काचेचे आवरण असते, व तिरप्या किरणांचा मार्ग त्यात बदलतो. बेर्टेले ह्यांच्या ‘बायोगोन’वरून आलेल्या ‘ज्युपिटर-१२’ सारख्या भिंगात मागील घटक फिल्मच्या जवळ येतो. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर त्याच्या प्रतिमेच्या कडा पुसट व रंगीत येतात. तो दोष मूळ भिंगाचा नाही, नव्या जोडीचा आहे. त्याचप्रमाणे संवेदक फिल्मच्या चौकटीहून लहान असेल, तर प्रतिमेच्या कडा कापल्या जातात. हेलिओस-४४ च्या पार्श्वभूमीत दिसणारी भोवऱ्यासारखी फिरकी हे त्याचे वैशिष्ट्य मानले जाते. ती कडेच्या भागातच तीव्र असल्याने लहान संवेदकावर ती बरीचशी नाहीशी होते.

दुसरे कारण काळाचे. काचेवरील प्रतिबिंबरोधी लेप झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला ह्यांनी १९३५ साली सिद्ध केला. अशा सुरुवातीच्या लेपांची भिंगे वारंवार पुसली गेल्याने कित्येकदा लेप झिजलेला असतो. १९६० च्या दशकातील काही भिंगांत, उदाहरणार्थ ‘सुपर-टाकुमार’ ह्या ५० मिलिमीटर भिंगाच्या सात घटकांच्या आवृत्तीत, थोरियमयुक्त काच वापरलेली आहे. किरणोत्सर्गामुळे ती कालांतराने पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ठेवल्यास हा पिवळेपणा बराच कमी होतो. कोकणपट्टीसारख्या दमट हवेत बंद पेटीत राहिलेल्या भिंगांवर बुरशीची जाळी धरते, व ती काचेचा पृष्ठभागही खाते. आज जुन्या भिंगाचा म्हणून जो सौम्य, धूसर किंवा उबदार गुण वाखाणला जातो, तो कारखान्यातून निघालेल्या भिंगाचा गुण असेलच, असे नाही. तो पुष्कळदा मधल्या साठ-सत्तर वर्षांचा परिणाम असतो.

तिसरे कारण अभिरुचीचे. ज्या फिरकीचे आज कौतुक होते ती मूळ रचनाकारांच्या दृष्टीने शिल्लक राहिलेली त्रुटी होती. ती कमी करण्यासाठीच पुढील पिढ्यांनी आकडेमोड केली. आजच्या आवडीवरून त्या काळच्या हेतूचा निष्कर्ष काढणे सदोष होय.

ह्याचा अर्थ असा प्रयोग व्यर्थ आहे, असे नव्हे. कॅमेरा, संवेदकाचे माप, अडॅप्टरची लांबी व भिंगाची आजची अवस्था ह्यांची नोंद ठेवून तो केला, आणि शक्य तेथे त्याच भिंगाने फिल्मवर घेतलेल्या चित्राशी ताडून पाहिला, तर त्यातून बरेच शिकता येते. परंतु त्यासाठी भिंग मूळ स्वरूपात राहिले पाहिजे. ह्या दृष्टीने जुळवणीचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले पाहिजेत. कडे घालून केलेली जुळवणी परत फिरविता येते. कडे काढले की भिंग जसेच्या तसे उरते. ह्याउलट मागील कळ कानशीने घासून टाकणे, किंवा चित्रपटाच्या कामासाठी जुनी नळी फेकून काच नव्या नळीत बसविणे, ही जुळवणी परत फिरविता येत नाही. नळीबरोबर तिच्यावरील क्रमांक, कारखान्याचे चिन्ह, ‘टी’ किंवा ‘बी’ हे अक्षर, सारेच जाते. काच काम देत राहते. पण ती कोठून आली हे सांगणारा लेख नष्ट होतो.

८. समारोप

जुन्या भिंगांचे पुनरागमन हे जतनाच्या योजनेचे फळ नाही. १९३१ साली एका कारखान्याने अंतर निश्चित केले; १९४९ साली दुसऱ्याने आणलेली जोडणी अनेकांनी आपलीशी केली; आरशाच्या गरजेने अंतर लांबले; आणि २००८ नंतर आरसा गेल्याने ती लांबी उपयोगी पडली. ह्या चारही घटनांचे हेतू भिन्न होते. त्यांच्या योगाने जे टिकले ते स्वयंपूर्ण भिंग टिकले.

ह्यातूनच पुढील काळाविषयीचा प्रश्न निघतो. आजच्या भिंगांचे अंतर १६ ते २० मिलिमीटर आहे. त्याहून कमी अंतराचा कॅमेरा निघाल्यावाचून त्यांना साध्या कड्याने दुसरीकडे नेता येणार नाही. शिवाय त्यांतील बहुतेकांचे छिद्र व नाभीयन विद्युत्-आज्ञेवर चालते, आणि त्या आज्ञांची भाषा पुष्कळदा कारखान्याच्या मुठीत असते. त्यांची काच जुन्या काचेहून निःसंशय सरस आहे. तरीही आणखी ऐंशी वर्षांनी एखादा अभ्यासक आजचे भिंग हाती घेईल, तेव्हा त्यातून त्याला काही दिसेल की नाही, हे त्या काचेवर अवलंबून राहणार नाही. जोडणीचे माप व आज्ञांची भाषा आज कितपत खुली करून नोंदवून ठेवली जाते, ह्यावर ते ठरेल. १९३१ च्या त्या बैठकीवर कोरलेल्या शून्याचे महत्त्व ह्या संदर्भात ओळखले पाहिजे.